डँपर पुली म्हणजे नुसतं चाक नव्हे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे. दिवाळीच्या आधी एका डिझेल गाडीला मी बाहेरच्या कंपनीची डँपर पुली (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणारं, बेल्ट फिरवणारं चाक) बसवली. मूळ पार्टच्या निम्म्या किमतीत मिळाली म्हणून घेतली. चार महिन्यांत तिची बाहेरची कडी आतल्या हबवरून (मधल्या भागावरून) सरकली, बेल्ट उडाला, चार्जिंग बंद पडलं आणि गिऱ्हाईक बायकापोरांसह रात्री आंबा घाटात अडकलं. चूक माझीच होती. पैसे परत दिले, पण ती रात्र कशी परत देणार?

इंजिनात प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि उलट सुटतो. पुलीचा हब आणि जड कडी यांच्यामधलं रबर ही थरथर पचवतं. हल्ली ‘परफॉर्मन्स’च्या नावाखाली रबराविना अखंड ॲल्युमिनियमची हलकी पुली विकतात, पिकअपसाठी तरुण मुलं ती घेतात. ज्या इंजिनाला मुळात डँपर दिलाय, त्याला ती कृपा करून लावू नका. थरथर मग क्रँकवरच राहते आणि शाफ्टला तडा जाऊ शकतो.

विक्रेत्यांनी खोक्यावर इंजिनाचा प्रकार आणि रबर कधी बनलं तो महिना छापावा, कारण रबर दुकानात पडूनही कडक होतं. आणि आपल्या वाहन पुरवणीत नव्या गाड्यांइतकीच जागा सुट्या भागांनाही द्यावी, ही विनंती.

– एक गॅरेजचालक, कोल्हापूर