पेलेलो नव्हतो साहेब, शुगर उतरली होती

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज एक तरी अ‍ॅक्सिडेंटची बातमी असते आणि त्यात ठरलेलं वाक्य, चालकाचा ताबा सुटल्याने. ताबा कशाने सुटला ते कोणी लिहीत नाही. माझा एकदा सुटलेला आहे, आणि त्या दिवशी पोटात दारूचा थेंब नव्हता. खरं तर काहीच नव्हतं पोटात, तीच भानगड झाली.

मी ५४ वर्षांचा, स्वतःची क्रूझर चालवतो, लग्नसराईत वऱ्हाडाची भाडी. ९ वर्षांपासून शुगर, रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईडच्या गोळ्या. गेल्या मे महिन्यात चोपड्याकडचं वऱ्हाड घेऊन शिरपूरला गेलो, सकाळी गोळी घेतली आणि नुसता चहा मारला, म्हटलं लग्नात वरणबट्टी आहेच. आता आपल्याकडची लग्नं तुम्हाला माहिती, पत्रिकेवर १२:३५ आणि नवरदेव मंडपात येतो अडीचला, डीजेपुढून पोरं हटतच नाहीत. मी पंगतीला बसणार तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक नाना आले, म्हणे म्हातारी माणसं उन्हाने कासावीस झालीत, यांना घरी सोडून ये मग निवांत जेव. निघालो.

अनेरच्या पुलाच्या अलीकडे घाम फुटला. मे महिन्यात घामाचं कोणाला काय वाटणार? मग मागच्या लोकांचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू यायला लागलं आणि मला राग यायला लागला, कशाचा ते आजही सांगता येणार नाही. गाडी तिसऱ्या गिअरवर रडत होती आणि मी राँग साईडला होतो हे नंतर लोकांनी सांगितलं. समोरून ट्रक. बाजूचे काका ओरडले तर मी त्यांच्यावरच खेकसलो म्हणे. त्यांनीच स्टेअरिंग ओढलं आणि गाडी नांगरलेल्या शेतात उतरली म्हणून आज हे लिहितोय.

सगळे म्हणे ड्रायव्हर पेलेला आहे. एक जण तर मारायला धावला. त्यात एक आजी होत्या, त्या म्हटल्या, "काय व्हयनं भाऊ, शुगर शे का तुले?" त्या स्वतः इन्सुलिन घेतात, पिशवीत साखरेची पुडी असते. पाण्यात कालवून पाजली, पंधरा-वीस मिनिटांत मी माणसात आलो.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की मेटफॉर्मिन एकटी असली तर सहसा शुगर एवढी उतरत नाही, पण ग्लिमेपिराईड आणि इन्सुलिनने उतरते, त्यातून उपाशी राहिलं तर जास्तच. ७० च्या खाली गेली की उतरली असं धरतात, आणि अजून खाली गेली की डोकं चालत नाही, माणूस दारू पेल्यासारखा बरळतो, चिडतो. आणि बीपीच्या काही गोळ्यांनी धडधड, थरथर कळतच नाही, म्हणजे इशारा नीट मिळत नाही. हे मला ९ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

आता लायसन्सचं. आमचं ट्रान्सपोर्टचं लायसन्स ५ वर्षांनी रिन्यू होतं, त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-अ. फॉर्म १ वर आपणच लिहून द्यायचं असतं, फेफरं येतं का, अचानक चक्कर येते का, २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का. शुगरचं नाव कुठेच नाही, ती 'इतर आजार' मध्ये धरायची. माझा फॉर्म एजंटने भरला, सगळीकडे नाही-नाही, आणि सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मीही गप्प बसलो, चूक माझीही आहे. पण खरं लिहिलं आणि लायसन्स अडकलं तर गाडीचा हप्ता कोण भरणार? या भीतीनेच सगळे लपवतात. काही जण तर गाडी चालवायच्या दिवशी गोळीच घेत नाहीत, मग शुगर चढते, नजर धूसर होते आणि दर तासाला लघवीला गाडी थांबवावी लागते. रावेरहून केळी घेऊन दिल्लीकडे जाणारा एक मित्र इन्सुलिनचं पेन कॅबिनच्या कप्प्यात ठेवायचा, भुसावळच्या ४५ डिग्रीत! ते इन्सुलिन खराब झालेलं असणार. दुसरा एक असा घोरतो की क्लीनर बाहेर झोपतो, आणि दिवसा सिग्नलला त्याचा डोळा लागतो, तोही आजारच आहे पण आमच्यात त्याची फक्त थट्टा होते.

भाचा सांगत होता की इंग्लंडमध्ये इन्सुलिनवाल्यांना गाडी काढायच्या आधी २ तासांच्या आत शुगर तपासावी लागते, रस्त्यात दर २ तासांनी परत, आणि उतरली तर ती बरोबर झाल्यावरही ४५ मिनिटं थांबायचं. म्हणजे तिथे सरसकट लायसन्स काढून घेत नाहीत, तपासायला लावतात. आपल्याकडे जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होतं, ड्रायव्हर लोकांचे डोळे तपासतात, चांगलंच आहे, त्याच टेबलावर बोटाला टोचून शुगर बघा की. एका पट्टीला किती लागतात, १५-२० रुपये. फक्त तो आकडा लायसन्सवाल्या ऑफिसात जाणार नाही असं आधी सांगा, नाहीतर एकही ड्रायव्हर रांगेत उभा राहणार नाही.

मी आता डॅशबोर्डवर गणपतीच्या बाजूला ग्लुकोमीटर, म्हणजे शुगर तपासायचं मशीन, ठेवतो, आणि भाडं ठरवतानाच सांगतो की लग्न लागो न लागो, १२ वाजता ड्रायव्हरचं पान वाढायचं. त्यामुळे दोन भाडी गेली यंदा.

आपला एक वाचक,
क्रूझरवाला, ता. चोपडा, जि. जळगाव