बचावपटू उंचीवर निवडू नका

महोदय,

शालेय आणि आंतरगाव फुटबॉल स्पर्धांचे संघ निवडताना आपल्याकडे अजून तीच रीत चालते: चपळ मुलगा पुढे, उंच मुलगा स्टॉपर, म्हणजे गोलासमोरचा मधला बचावपटू. त्या उंच मुलाला ‘मागे थांब, चेंडू लांब मार’ यापलीकडे फारसे कोणी काही शिकवत नाही. सोळाव्या वर्षी बाकीची मुले उंचीत त्याला गाठतात आणि त्याच्या हाती काही उरत नाही.

महेश गवळी आणि समीर नाईक गोव्याच्या डेंपो क्लबच्या व भारताच्या बचावात इतकी वर्षे टिकले ते चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखून. पुढे दोघेही प्रशिक्षक झाले. २०२३च्या सॅफ या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत भारताच्या मुख्य प्रशिक्षकावर बंदी आली तेव्हा उपांत्य आणि अंतिम सामन्यात संघ सांभाळला तो गवळींनीच. खेळ वाचण्याची ही सवय लहानपणी लावावी लागते.

सुरुवात उभे राहण्यापासून करावी. चेंडूवाल्याकडे धावत जावे, पण तीन-चार मीटर उरले की पावले आखूड करावीत आणि हातभर अंतरावर थांबावे. अंग तिरके, गुडघे वाकलेले, गोलाकडच्या बाजूचे पाऊल पुढे, म्हणजे समोरचा आपोआप टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या लांब कडेकडे वळतो. छाती समोर करून उभा राहिलेला मुलगा दोन प्रकारे फसतो: चेंडू पायांमधून जातो, नाहीतर वळण्यातच त्याचा वेळ जातो. नजर चेंडूवर हवी, खेळाडूच्या खांद्याच्या हुलकावणीवर नको. पाय घालायचा तो चेंडू समोरच्याच्या पायापासून सुटला त्या क्षणीच. दुसऱ्या बॅकने (बचावपटूने) पाच-सहा मीटर मागे, तिरक्या रेषेत राहावे. दोघे एका ओळीत आले की एकच पास दोघांनाही कापतो.

मैदानाचाही विचार हवा. उन्हाळ्यात तांबड्या, टणक जमिनीवर चेंडू उंच उसळतो. टप्पा पडू दिला की तो बॅकच्या डोक्यावरून जातो, म्हणून हवेतच खेळावा. पावसात चेंडू चिखलात अडतो आणि गोलकीपरकडे दिलेला पास अर्ध्यातच राहतो. लांब स्टडचे (तळाला खुंट असलेले) बूट टणक जमिनीत नीट शिरत नाहीत, पाय डगमगतो आणि गुडघा पिळवटू शकतो. तिथे आखूड रबरी स्टडच बरे.

सर्वांत काळजीची गोष्ट हेडरची, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याची. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लासगोच्या अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंना मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचा धोका इतर लोकांच्या साधारण साडेतीनपट आढळला. बचावपटूंमध्ये तो पाचपटीच्या घरात होता, गोलकीपरमध्ये मात्र इतरांइतकाच. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंसाठी सरावात आठवड्याला जोराचे दहाच हेडर, असा सल्ला आहे. आपल्याकडे मात्र पोरांना कॉर्नरमागून कॉर्नर डोक्याने मारायला लावतात. बारा वर्षांखालच्यांचा हेडरचा सराव बंद करावा. त्यानंतर हलक्या चेंडूने, हाताने वर टाकून, कपाळ पुढे, मान घट्ट आणि डोळे उघडे ठेवून मोजकेच हेडर द्यावेत.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी पुढच्या मोसमाच्या परिपत्रकात ही वयाची अट घालावी, ही कळकळीची विनंती.

– एक फुटबॉल प्रशिक्षक, फोंडा