तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे?

महोदय,
परवा मावशीला भेटायला परभणीजवळच्या एका वृद्धाश्रमात गेलो होतो. तिथे तक्रारपेटी आहे, पण व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये, आणि किल्ली त्यांच्याच जुडग्यात! मावशी बोलायला लागली तर सेविका दारातून हलेना. मग 'बरं चाललंय' एवढंच. जेवण वेळेवर मिळतं, खोटं कशाला बोलू? पण रात्री बेल वाजवून कुणी येत नाही, हे तिनं सांगावं कुणाला? मुलं पुण्याला.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ज्यांच्याजवळ मोबाइलच नाही त्यांना तिचा काय उपयोग? पालक व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला किमान एका वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण आत राहणाऱ्यांची बाजू घेणारा, संस्थेशी लागेबांधे नसलेला माणूस कुठे आहे? अमेरिकेत १९७८ पासून प्रत्येक राज्याला असा लोकपाल नेमणं कायद्यानं बंधनकारक आहे.

आपल्याकडे समाजकल्याण खात्यानं तालुक्यातल्या निवृत्त परिचारिका, शिक्षक यांना ओळखपत्रं देऊन हे काम सोपवावं. त्यांनी न कळवता जावं, तेही रात्री. वृद्धांशी एकांतात बोलावं आणि अहवाल थेट जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा. सत्कार-फोटोवाल्या पाहणीदौऱ्यांचा आम्हाला कंटाळा आला आहे.

– एक वाचक, परभणी