तक्त्यात न आलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरगुती वायरलेस प्रिंटर निवडण्याविषयी आलेला तक्ता वाचला. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स ही तिन्ही कामे करणाऱ्या यंत्रांची तुलना त्यात होती. मिनिटाला किती पाने, इंचाला किती ठिपके, ट्रेमध्ये किती कागद, सगळे होते. एकच रकाना नव्हता: हे यंत्र न वापरता किती दिवस पडून राहू शकते? माझा पहिला प्रिंटर नेमका त्या रकान्यात गेला, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त मुद्रितशोधक आहे. पडद्यावर मला चुका दिसतात, पण उशिरा. कागद, पेन्सिल आणि ओळीखाली धरलेली पट्टी असली की लगेच दिसतात. निवृत्तीनंतरही ओळखीच्यांची हस्तलिखिते येतच असतात. एखाद्या आठवड्यात दीडशे पाने छापते, मग दोन-दोन महिने एकही नाही. प्रिंटर घेताना ही गोष्ट मला कोणी विचारली नाही आणि मलाही सांगावीशी वाटली नाही. भाच्याने वेग आणि रंग पाहिले, मी खोक्यावरचा पानांचा आकडा पाहिला. रंगीत इंकजेट यंत्र घरी आले.

पहिले काही महिने छान गेले. मग मी लेकीकडे सहा आठवडे राहून आले. आल्यावर छापलेल्या पहिल्याच पानावर शिरोरेषा नव्हती. पूर्ण नव्हती असे नाही. काही ओळींवर होती, काहींवर पुसट, काहींवर अजिबात नाही. इंकजेटच्या हेडमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागात, केसाहून बारीक छिद्रे असतात आणि हेड कागदावर आडवे फिरते. एखादे छिद्र सुकलेल्या शाईने बुजले, की तेवढी आडवी रेघ कोरी राहते. रोमन अक्षरांतून अशी रेघ गेली तर डोळा ती भरून काढतो. आपली शिरोरेषा मुळातच आडवी. ती नेमकी त्या फटीत सापडली तर अख्खी जाते. आणि घ-ध, म-भ यांतला फरक बराचसा शिरोरेषा कुठे तुटते यावरच आहे. त्या पानावर 'घरा' आहे की 'धरा' हे मी संदर्भावरून ठरवत होते. इतकी वर्षे लेखकांच्या चुका काढल्या, आता यंत्राच्या काढत बसले.

यंत्राच्या मेनूत 'हेड क्लीनिंग' असते. मी ते पाच वेळा केले. तिसऱ्या वेळी थोडा फरक पडला, पाचव्या वेळी कार्ट्रिज संपले. साफसफाई म्हणजे शाईच शाईच्या मार्गातून जोराने ओढून टाकणे, हे तेव्हा माहीत नव्हते. ती टाकलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजासारख्या पॅडमध्ये मुरते आणि ते पॅड कितपत भरले असेल याचा हिशेब यंत्र स्वतः ठेवते. हिशेब पुरा झाला, की छपाई बंद. माझ्याकडे तेही झाले. काही यंत्रांत हे पॅड एका छोट्या पेटीत असते आणि घरी बदलता येते. माझ्यात ते आत खोल बसवलेले होते.

बरे, दोष फक्त सहा आठवड्यांच्या रजेचा नव्हता. काटकसरीच्या सवयीने मी रोज रात्री प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करत असे. दुरुस्तीला आलेल्या मुलाने ते ऐकले आणि डोक्याला हात लावला. यंत्र स्वतःच्या बटणाने बंद केले तर ते हेड कडेला नेऊन रबरी टोपीखाली झाकते. काम चालू असताना किंवा ते नुकतेच थांबले असताना भिंतीवरूनच वीज तोडली, तर हेड उघडे राहू शकते. शिवाय बरीच यंत्रे वीज परत आली, की आधी थोडी शाई वाया घालवून तोंड धुतात. म्हणजे वीज वाचवण्यासाठी मी रोज शाई ओतत होते. हे वाक्य छापताना माझे नाव देऊ नये.

खोक्यावरच्या पानांच्या आकड्याविषयीही सांगते. तो खोटा नसतो. रंगीत इंकजेटसाठी आयएसओ/आयईसी २४७११ हे मानक आहे आणि पाच ठरावीक पानांचा संच छापत राहून मोजणी होते. पण ती पाने एकामागून एक छापलेली असतात. घरी आपण सोमवारी एक पान छापतो आणि पुढच्या गुरुवारी दोन. मधल्या साफसफाईत गेलेली शाई त्या आकड्यात दिसत नाही. जो रोज छापतो त्याला आकडा जवळपास लागू पडतो. माझ्यासारखीला नाही.

दुसऱ्या खेपेला मी दुकानात वही घेऊन गेले. विक्रेत्याने शाईच्या टाकीचे यंत्र पुढे केले. बाटलीतून शाई भरायची, एका भरणीत हजारो पाने. खरेच, ज्या घरात रोज पंधरा-वीस पाने निघतात, मुलांची रंगीत कामे असतात, तिथे यासारखे स्वस्त काही नाही. पण टाकी कितीही मोठी असली तरी छिद्रे तेवढीच बारीक असतात. मी विचारले, "हेड बुजले तर?" साध्या कार्ट्रिजच्या बऱ्याच यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. कार्ट्रिज बदलले की हेड नवे, हा त्या महागड्या कार्ट्रिजचा एकुलता एक गुण. टाकीच्या यंत्रांत हेड कायमचे असते. काहींत ते घरच्या घरी बदलता येते, काहींत दुरुस्ती केंद्र गाठावे लागते. विक्रेत्याने माहितीपत्रक चाळले, मग आत जाऊन कोणाला तरी विचारून आला. हा प्रश्न त्याला बहुधा पहिल्यांदाच पडला असावा.

शेवटी मी काळ्या-पांढऱ्या लेझरचे तीन-कामी यंत्र घेतले. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक भुकटी, ती सुकणार काय? मुळातच कोरडी. आत तापलेल्या रुळाखाली ती वितळून कागदावर चिकटते. या कोरड्या पद्धतीची पहिली प्रत चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी काढली. तीवर फक्त तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' हे जागेचे नाव होते. त्या प्रतीचे छायाचित्र मी पाहिले आहे. तारखेत टिंब दिले आहे आणि लगेच आडवी रेघही. मी असते तर एकाला काट मारली असती.

लेझरचेही नखरे आहेत. रूळ तापवताना ते यंत्र काही क्षण खूप वीज ओढते, म्हणून संगणकाच्या छोट्या यूपीएसवर ते लावायचे नसते. मी लावले होते, यूपीएसने किंचाळून सांगितले. रंग नाहीत, फोटो नाहीत. पण दोन महिने पडून राहिल्यावर परवा पहिलेच पान काढले तर रफारसुद्धा जागच्या जागी होता. फोटो वर्षाकाठी दहा लागतात, ते मी बाहेरून करून आणते. त्यासाठी घरात चार रंगांची शाई सुकवत ठेवण्यात काय अर्थ?

आता वायरलेस. तक्त्यात 'वायफाय: आहे' एवढेच होते, आणि माझे दोन दिवस नेमके तिथेच गेले. घरगुती प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय कळते, ५ गिगाहर्ट्झचे दिसतच नाही. आमचा राउटर दोन्ही एकाच नावाने देतो. प्रिंटरला नाव सापडे, पासवर्ड बरोबर, तरी जोडणी होईना. मुलाने फोनवरून सांगितले, "आई, राउटरमध्ये पाच गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद कर, प्रिंटर जोड, मग परत चालू कर." तसे केल्यावर झाले. २.४चा वेग कमी असला तरी तो भिंतींतून अधिक पोहोचतो, आणि पानभर मजकुराला वेग हवा कशाला?

पंधरा दिवसांनी नवीन दुखणे. प्रिंटर समोर चालू, हिरवा दिवा लागलेला, आणि संगणक म्हणतो 'ऑफलाइन'. बंद-चालू केले की कधी जमायचे, कधी नाही. कारण कळल्यावर हसू आले. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो आणि मध्येच तो बदलूही शकतो. प्रिंटर नव्या पत्त्यावर राहायला गेला होता, संगणक जुन्या पत्त्यावर पत्रे टाकत होता. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. मुलाने तो ठेवला, तेव्हापासून तक्रार नाही. प्रिंटर बिघडला म्हणून लोक जी यंत्रे दुरुस्तीला नेतात, त्यांतली काही एवढ्यासाठीच जात असतील, असा माझा संशय आहे. घरी आलेल्यांसाठी राउटरवर वेगळे पाहुण्यांचे वायफाय ठेवले असेल, तर त्यावरच्या फोनला बहुधा प्रिंटर दिसत नाही. भाचा अर्धा तास माझ्या यंत्राला नावे ठेवत होता, तो त्या वायफायवर होता.

फोनवरून छापायला आता कंपनीचे अ‍ॅप घ्यावेच लागते असे नाही. आयफोनवर एअरप्रिंट २०१० पासून आहे, आणि अँड्रॉइडच्या फोनसाठी मोप्रिया नावाची सोय आहे. ही दोन नावे खोक्यावर आहेत का, ते पाहावे. अ‍ॅप नोंदणी मागते, ई-मेल मागते, एकदा तर माझे ठिकाणही मागितले. माझा प्रिंटर टेबलावर आहे आणि मी टेबलापाशी. अजून कोणते ठिकाण हवे?

मराठी छपाईसाठी एक खास अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टंकलेली फाइल तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर किंवा फोनवर उघडली, की रोमन अक्षरांची रांगोळी दिसते आणि तशीच छापली जाते. लोक प्रिंटरला दोष देतात. मी आता लेखकांना सांगते, फॉण्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवा. आणि इंकजेटवाल्यांनो, प्रुफे 'ड्राफ्ट'मध्ये काढू नका. शाई वाचते, पण अनुस्वार जातात. अनुस्वार आहे की नाही हे बघण्यासाठीच तर मी पान छापते!

स्कॅनरविषयी थोडक्यात. इंचाला हजारो ठिपक्यांचे आकडे वाचून हुरळू नये. मजकुराला ३०० पुरतात, जुन्या फोटोला ६००. मोठ्या आकड्यांतले काही तर सॉफ्टवेअरने मधले ठिपके कल्पून भरलेले असतात, म्हणून 'ऑप्टिकल' शब्दापुढचा आकडाच वाचावा. मला ठेच वेगळीकडे लागली. या पातळ यंत्रांतल्या स्कॅनरची नजर काचेला चिकटलेल्या कागदापुरतीच चांगली असते. जाड कोश पालथा घातला, की शिवणीजवळचा मजकूर काचेपासून उचलला जातो आणि धूसर येतो. दाबून पाहिले, कोशाची शिवण गेली.

वरून एकेक पान आपोआप ओढणाऱ्या फीडरचा मोह मात्र रास्त आहे. दीडशे पाने हाताने उलटत बसण्यापेक्षा तो हवाच, आणि पाठपोट स्कॅन करणारा मिळाला तर उत्तमच. पण एके दिवशी माझ्या प्रत्येक पानावर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभी रेघ येऊ लागली. क्षणभर वाटले, कोणी संस्कृत श्लोकाचा दंड ओढत नेला आहे. फीडर मोठ्या काचेतून पाहत नाही, शेजारच्या बोटभर रुंद काचपट्टीतून पाहतो. त्या पट्टीवर तिळाएवढा पांढरा ठिपका होता. व्हाइटनरचा. पान वाळायच्या आत मीच घातले होते. ओलसर फडक्याने तो गेला, पण तोवर मी कंपनीला तक्रार लिहून ठेवली होती. ती पाठवली नाही.

संपादक महाशय, पुढच्या वेळी असा तक्ता कराल, तेव्हा वेगाचा रकाना थोडा अरुंद केला तरी चालेल. त्याऐवजी हेड घरी बदलता येते का, टाकाऊ शाईचे पॅड कोणाला बदलता येते, एक रंग संपला तर काळे पान तरी निघते का, शाई संपल्यावर निदान स्कॅन चालते का, दुसऱ्या कंपनीची शाई यंत्र नाकारते का, यूएसबी केबलची जागा आहे का, हे द्यावे. ही माहिती खोक्यावर नसते. ती विचारण्याची सोय सर्वसामान्य ग्राहकापेक्षा वृत्तपत्राला अधिक आहे. आणि सर्वांत वर, वाचकालाच एक प्रश्न: तुम्ही आठवड्यातून किती दिवस छापता? किती पाने ते नंतर.

कळावे,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. जुना प्रिंटर कोणाला देणार असाल किंवा भंगारात टाकणार असाल, तर मेनूतून सगळी सेटिंग्ज मूळ स्थितीला आणा. घरच्या वायफायचा पासवर्ड त्याच्या पोटात तसाच राहतो. माझा भंगारात गेल्यावर तीन दिवसांनी मला हे कळले. पासवर्ड बदलला, आणि मग नव्या प्रिंटरची जोडणी पुन्हा पहिल्यापासून केली.