चावलाचा काना

संपादक महोदय,

आमच्या गल्लीच्या टोकाला जेमतेम तीन गुंठ्यांची बाग आहे. एक घसरगुंडी, दोन झोपाळे (त्यातला एक साखळीविना), एक सोनमोहर. नाव कल्पना चावला उद्यान. रंगरंगोटीत जुनी संगमरवरी पाटी गेली आणि चकचकीत फलक आला. त्यावर लिहिलंय: ‘कल्पना चावल उद्यान. चंद्रावर जाणारी पहिली भारतीय महिला. मृत्यू 1 फेब्रुवारी 2001.’

मी एकोणतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. तीन ओळींत तीन चुका म्हणजे तोंडचा चहा कडू होतो. बिल्डिंगमधली पोरं तर आता सरळ ‘तांदूळ गार्डन’ म्हणतात.

चंद्राचं म्हणाल, तर तिथे आजवर एकाही स्त्रीचं पाऊल पडलेलं नाही. चावला अवकाशात गेलेल्या पहिल्या भारतीय वंशाच्या महिला. कर्नालच्या, चंदीगडहून इंजिनीअर होऊन अमेरिकेला गेल्या, तिथल्याच नागरिक झाल्या. पहिलं उड्डाण 1997 मध्ये, दुसरं 16 जानेवारी 2003 ला. आणि ते साल मला कोणी सांगायला नको. 1 फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळचे साडेसात वाजून गेलेले, मी गवार निवडत होते. टीव्हीवर टेक्सासच्या आकाशात एक पांढरी रेघ, मग तिच्या तीन-चार. त्यांचं कोलंबिया यान उतरायला सोळाच मिनिटं उरली होती. आत सातजण. गवार तशीच राहिली, रात्री पिठलं केलं.

अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेले. तिथला मुलगा चांगला होता, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, “आजी, एवढ्याशा कान्यानं काय होतं?” दुसऱ्या कोणाच्या पाटीबद्दल म्हणाला असता तर ऐकून घेतलं असतं. कोलंबियाच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटला, तो उड्डाणानंतर 82 सेकंदांनी. डाव्या पंखाच्या कडेला लागला. फोमचाच तर आहे, म्हणून तिकडच्या मोठमोठ्या माणसांनीही तो मनावर घेतला नाही. परतताना तिथूनच तापलेले वायू पंखात शिरले. हे सगळं त्याला सांगितलं. त्याने अर्जावर शिक्का मारून दिला.

त्याला आता आठ महिने झाले. अपघातानंतर चारच दिवसांत आपल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाचं नाव ‘कल्पना-1’ झालं होतं, आणि तो तर पृथ्वीपासून छत्तीस हजार किलोमीटरवर होता! आमचा फलक जमिनीपासून सात फुटांवर आहे.

मला नवी बाग नको, उद्घाटन तर नकोच. सुधारलेला मजकूर अर्जाला जोडलाय, दोनदा तपासून. नाक्यावरचा पेंटर राहिलेला काना फुकट रंगवून देतो म्हणतो, पण परवानगीशिवाय हात लावला तर दंड होईल, अशी त्याला भीती आहे. तेवढी परवानगी कोणी देईल का?

– एक निवृत्त मुद्रितशोधक, कांजूरमार्ग (पूर्व), मुंबई