पाटणादेवी सहल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला चाळीसगावहून पाटणादेवीला निघायचे आहे. देवीचे दर्शन आटोपले की लगेच गाडीकडे वळू नका. जवळच्या महादेव मंदिराच्या मंडपात थोडे बसा. कोरीव खांब, दगडाचा गारवा, भोवती गौताळ्याचे रान. असे निवांतपण आपल्या खान्देशात फार थोड्या ठिकाणी उरले आहे. गणितज्ञ भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथल्याच पाटण गावी मठ स्थापला होता, तसा १२०७ सालचा शिलालेख आहे. मंडपात मोबाईलवर गाणी नकोत, खांबांना तेल-कुंकू लावू नये. डबा (कळण्याची भाकरी आणि ठेचा असेल तर उत्तमच) बाहेर झाडाखाली खाऊ. प्लॅस्टिक परत आणायचे. नावे गुरुवारपर्यंत कळवा.