आईची जखम आणि आजीचा विसर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुरीच्या धसकटाने आईच्या पायाला झालेली जखम महिना उलटूनही भरत नाही आणि आजी विसर पडून रात्री-बेरात्री वावरात जायला निघते म्हणून आई जागीच असते, हे तुम्ही फोनवर वेगवेगळे सांगितलेत. मला मात्र या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

१९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच लहान जखम करून पाहिली, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस अधिक लागले. जखम झाली की पांढऱ्या पेशी आधी घाण आणि जंतू साफ करतात, मगच नवी त्वचा धरू लागते. सततच्या ताणाने या पेशींना कामाला लावणारे रासायनिक संदेशच कमी पडतात. आई, तुझे जागरण असे तुझ्या पायात उतरते आहे. तरीही सगळे ताणावर ढकलून चालणार नाही: धसकटाचा तुकडा आत राहिला असेल किंवा रक्तातील साखर वाढली असेल, तरी जखम अशीच रेंगाळते. म्हणून हळद भरणे थांबव आणि याच आठवड्यात सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखव.

आजीला कालचे जेवण आठवत नाही, पण लग्नाच्या वर्षीचा कापसाचा भाव आठवतो, कारण नव्या आठवणी मेंदूतील हिप्पोकॅम्पस या लहानशा भागात घडतात आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात बहुधा तोच आधी आक्रसतो. एमआरआयमध्ये हे आक्रसणे दिसते. शिवाय डोक्यात रक्त साकळले असेल तर तेही कळते, आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन पूर्वी मृत्यूनंतरच खात्रीने पाहता येई, ते जिवंत माणसाच्या मेंदूत दाखवणारी पेट स्कॅन (PET) ही तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. आजीला मात्र तिची गरज मला वाटत नाही. आधी ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडची रक्ततपासणी करा, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो औषधाने सुधारू शकतो.

बाबा, आजीजवळ एकाआड एक रात्र तुम्ही झोपा, आईला त्या रात्री उठू देऊ नका. हरभरा निघायच्या सुमारास मी सुट्टी घेऊन येते. एमआरआयसाठी आजीला आपण नागपूरला नेऊ. तिचे जुने कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या एकत्र काढून ठेवा.

तुमची लेक